नजरेला इंग्रजी येत नाही

यंदा पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, डोक्याच्या वर गेली आहे. अंगणवाडीच्या मागच्या शेतात ती इतकी दाट झाली आहे की पलीकडच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालणारा माणूस दिसत नाही, फक्त त्याचा खोकला ऐकू येतो. भाद्रपद सरत आला, ऊन जरा पिवळं पडलं, पात्या-फुलं लागली. शेताचे मालक रोज सकाळी धुऱ्यावर उभे राहतात आणि काही न करता नुसते बघतात. परवा मी विचारलं, "काय भाऊ, कशी काय आहे पऱ्हाटी?" ते म्हणाले, "आहे आपली. ठीकच." तोंडावर आलेलं हसू त्यांनी दुपट्ट्यानं पुसल्यासारखं केलं आणि दुसरीकडे बघू लागले.

आमच्या चंद्रपूरकडच्या कोरपन्याच्या पट्ट्यात चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत. पीक जोरात असलं तर 'ठीकच', म्हैस दूध भरपूर देत असली तर 'भागते', पोरगं पहिलं आलं तर 'झालं पास'. शेतात काळं मडकं उलटं टांगलेलं असतं, नव्या घराच्या दारावर फाटकी चप्पल असते, लेकराच्या गालावर काजळाचा एवढा मोठा ठिपका असतो की फोटोत आधी तोच येतो. नजर लागते. कोणाची लागते, कशी लागते, हे विचारायचं नाही. ती असते, पावसाळ्यात माश्या असतात तशी, आणि जिथं काही गोड आहे तिथं बसते.

मी मूळची वरोऱ्याची. बाबा शाळेत मास्तर होते. आमच्या घरात नजर, उतारा, लिंबू-मिरची हे सगळं त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं होतं. विहारात रविवारी आम्हा पोरांना ते एकच सांगायचे, "काऊन म्हणून विचारा." का, हे विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. त्यामुळे लग्न होऊन इकडे आले आणि पुढं इथल्याच अंगणवाडीची सेविका झाले, तेव्हा माझ्या तोंडाला लगाम नव्हता. कोणाचं बाळ गुटगुटीत दिसलं की मी सगळ्यांसमोर सांगायची. बायका पटकन पदर ओढून बाळ झाकायच्या आणि मला त्याचं हसू यायचं. आता मागं वळून बघते तेव्हा त्या हसण्याची जरा लाज वाटते.

पऱ्हाटी अशी माजली की मला दरवर्षी तोच एक हंगाम आठवतो. सहा-सात वर्षं झाली त्याला. त्या वर्षी माझी मुलगी प्रज्ञा बारावीला होती. इंग्रजीच्या सरांनी तिला शब्दांचे गट करून पाठ करायला सांगितले होते. रडण्याचे शब्द एका पानावर, चालण्याचे एका, रागावण्याचे एका. श्रावणात तिच्या वहीत जे पान उघडं होतं, ते झपाट्यानं वाढण्याचं आणि भरभराटीचं होतं. सकाळी अंगणात फेऱ्या मारत ती म्हणायची, "थ्राइव्ह, फ्लरिश, ब्लूम, बूम, बर्जन, शूट अप, मशरूम, प्रोलिफरेट." मी पोळ्या लाटत असायची. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचंच, तेही बेताचं, पण रोज ऐकून ते शब्द माझ्या डोक्यात गाण्याच्या ओळीसारखे फिरायला लागले. पोळी फुगली की मनात यायचं, बर्जन.

मला गंमत वाटायची ती ही की एवढे शब्द लागतात कशाला. प्रज्ञा वहीतली वाक्यं वाचून दाखवायची. शहर वाढलं तर वेगळा शब्द, धंदा वाढला तर वेगळा, झाड आणि माणूस दोघांनाही चालेल असा आणखी वेगळा. आणि सगळं कसं मोकळेपणानं म्हटलेलं. आमचा धंदा फ्लरिश झाला, आमची मुलं थ्राइव्ह होत आहेत, असं ते लोक खुशाल चारचौघांत बोलत असावेत. आपल्याकडे काय शब्द कमी आहेत? तरारणं आहे, फोफावणं आहे, बहरणं आहे, नुसतं 'जोरात' म्हटलं तरी पुरतं. पण ते सगळे लग्नातल्या भांड्यांसारखे फळीवर उपडे घातलेले. काढायची कोणाची हिंमत नाही.

त्याच श्रावणात कचरी माझ्याकडे आली.

कचरी सात महिन्यांची होती. कागदावरचं नाव स्वरा, पण घरात तिला स्वरा कोणीच म्हणत नव्हतं. ज्या घरात आधीचं लेकरू गेलेलं असतं तिथं पुढच्याला असं नाव ठेवतात, म्हणजे कोणाला हेवा वाटू नये. तिची आई मंदा, एकवीस-बावीस वर्षांची, बोलायला अगदी कमी. नवरा सिमेंटच्या कारखान्यावर ट्रक चालवायचा आणि चार-चार दिवस बाहेर असायचा. घर सांभाळायची ती सासू, गिरजाबाई. उंच, काटक, तंबाखूची डबी कमरेला, आणि गल्लीत कोणी जोरानं बोललं तर त्याला गप्प बसवणारी.

छताच्या कडीला टांगलेल्या काट्याच्या झोळीत कचरीला ठेवलं, तर काटा सव्वापाच किलोच्या किंचित पुढे जाऊन थांबला. फोनमधल्या ॲपमध्ये आकडा टाकला आणि पट्टा लाल झाला, म्हणजे वयाच्या मानानं वजन फारच कमी. झोळीतून तिचे पाय खाली लोंबत होते, त्यांच्यावरची कातडी सैल होती. डोळे मात्र मोठे आणि एकटक. सिस्टरबाई त्या दिवशी लसीकरणाला आल्या होत्या. त्यांनी बाळ तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आजार काही दिसत नाही, खाणं सुधारा, दर बुधवारी वजन घ्या, महिनाभरात काटा सरकला नाही तर तालुक्याला भरती करावं लागेल. आणि हेही सांगितलं की अशा लेकराला साधा ताप आला तरी धोका असतो, म्हणून डोळ्यांआड होऊ देऊ नका.

मी कामाला लागले. वरणभातात चमचाभर तेल, शेंगदाण्याचं कूट, अंड्याचा बलक, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. मंदा मान हलवायची आणि सगळं करायची. दोन बुधवार गेले आणि काटा दीडशे ग्रॅम पुढे सरकला. मला इतका आनंद झाला की खोलीत दहा-बारा बाया बसल्या असताना मी कचरीला झोळीतून काढून वर धरलं आणि म्हणाले, "बघा सारे, कशी भरून राह्यली पोट्टी." गिरजाबाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण मला वाटलं, ऐकू द्या जरा, शिकतील.

तिसऱ्या दिवशी कचरीला जुलाब लागले. दोन दिवसांत लेकरू पुन्हा होतं तिथं आलं, थोडं मागंच गेलं.

गिरजाबाई एकट्या आल्या. मी दिलेली आहाराची पाकिटं त्यांनी अंगणवाडीच्या उंबऱ्यावर ठेवली. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही, त्यानं मला जास्त लागलं.

"हे घ्या तुमचं, शीलाबाई. आता वजन नाई करत."

"अवो, जुलाब पाण्यानं झाले. पाणी उकळलं नव्हतं."

"पाणी तं आमी सारेच पेतो."

"तुमचं पोट मोठं आहे. तिचं लहान आहे."

"तुमी शिकलेल्या आहा. मी नाई तुमच्यासंग बोलू शकत. पण पोट्टीले इथी आनत नाई."

त्या गेल्या. पुढचा बुधवार आला, झोळी रिकामी राहिली. मी बाबांची मुलगी, माझ्याकडे मुद्दे भरपूर होते. मदतनीस बाईंना ते सगळे ऐकवून झाले, प्रज्ञाला ऐकवून झाले. पण त्या मुद्द्यांनी कचरीचं वजन काही वाढत नव्हतं. त्यांच्या घरावरून जाताना मी आत कान द्यायची. लेकरू रडताना ऐकू आलं की बरं वाटायचं, कारण रडायला ताकद लागते.

शेवटी एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मंदा आत बाळाला घेऊन निजली होती. गिरजाबाई ओसरीवर मूग निवडत बसल्या होत्या. मी न विचारता समोर बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले. सिमेंट कारखान्याच्या खाणीतला रोजचा दुपारचा सुरुंग उडाला, फळीवरची भांडी खणखणली, आणि त्या खणखणाटानंतर त्या आपणहून बोलल्या.

मंदाचं पहिलं लेकरू तिच्या माहेरी, जिवतीकडे झालं होतं आणि तीन महिन्यांचं होऊन तिथंच गेलं होतं. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"बारशाले मी गेलतो. पोरगा असा होता, असा," त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. "मांडीवर घेतलं तं मांडी भरली. माह्या तोंडातून निंगालं, केवढा भरला माहा नातू. पंधरा बाया आयकत होत्या. मंग अडीच महिन्यात ताप आला. चंद्रपूरले नेलं, पण टाइम झालता." त्या सुपाकडे बघत राहिल्या. "दुसऱ्या कोनाची नजर नाई लागली, बाई. माहीच लागली. मंदा मले कधी बोलली नाई. पण तिले मालूम आहे."

इतके दिवस मी ज्या गोष्टीला अडाणीपणा म्हणत होते, ती एका बाईनं स्वतःच्या जिभेला दिलेली शिक्षा होती. तिच्यासमोर 'काऊन' हा शब्द मला उच्चारवेना. मी फक्त एवढंच म्हणाले की गिरजाबाई, वजन करू, पण कोणी काही बोलायचं नाही. दार लावू. तुम्ही, मंदा आणि मी. आकडा मी फोनमध्ये टाकीन, तोंडातून काढणार नाही. तुम्ही तिकडं तोंड करून बसा.

त्यांनी विचार केला. मूग निवडून संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाल्या, "पाणी उकळून देऊन राह्यलो आता. ते आयकलं मी तुमचं."

त्या बुधवारी सगळी लेकरं गेल्यावर आम्ही दार लावलं. मंदानं कचरीला झोळीत ठेवलं. गिरजाबाई भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे तोंड करून बसल्या, आंबा-केळी-सीताफळाकडे बघत. काटा थरथरला आणि थांबला. गेलेलं सगळं भरून निघालं होतं आणि वर शंभर ग्रॅम होते. मी ओठ घट्ट मिटले. पण आनंद असा आतून आला की आवरेना, आणि ओठांतून भलताच शब्द बाहेर पडला.

"थ्राइव्ह."

गिरजाबाई गर्रकन वळल्या. "काय म्हंतलं?"

"काही नाही. इंग्लिश आहे."

"इंग्लिशमंदी काय म्हंतलं?"

आता खोटं कसं बोलावं? "ते आपलं, चांगलं वाढून राह्यलं असं."

मला वाटलं झालं, आता पुन्हा पाकिटं उंबऱ्यावर. पण त्या तशाच बसून राहिल्या. डोळे बारीक करून काहीतरी हिशेब जुळवत होत्या. मग मंदाकडे बघून, माझ्याकडे बघून, छताकडे बघून त्या म्हणाल्या, "नजर तं इथलीच आहे. तिले इंग्लिश कुठी येते."

मी हसले नाही, हे मी आयुष्यात केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी एक. त्या अगदी गंभीर होत्या. नजर म्हणजे याच गल्लीतली, याच मातीतली, मराठी समजणारी, थोडी गोंडी, थोडी तेलुगू समजणारी. तिला शाळेत कोणी घातलं होतं? गिरजाबाईंनी पदर सावरला आणि सांगितलं, "पुढच्या बुधवारी बी तेच म्हना."

"तोच शब्द? दुसरे पण आहेत."

"अजून आहेत?" त्या पहिल्यांदा जरा पुढे सरकल्या. "किती आहेत?"

अशा रीतीनं प्रज्ञाच्या वहीतलं ते पान आमच्या अंगणवाडीत आलं. दर बुधवारी, दार लावून, एक शब्द. एकदा फ्लरिश झाला, एकदा ब्लूम. गिरजाबाई तो दोनदा माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या, स्वतः मात्र उच्चारायच्या नाहीत. आपल्या जिभेवर त्यांचा इंग्रजीतसुद्धा भरवसा नव्हता.

गावात अशी गोष्ट किती दिवस दाराआड राहते? पंधरा दिवसांत बाकीच्या बाया विचारायला लागल्या की कचरीले शब्द भेटते, आमच्या लेकरांले काऊन नाई? मग प्रत्येक आईला आपल्या लेकराचा शब्द हवा झाला आणि शब्दांची चौकशी सुरू झाली. ही चौकशी बारावीच्या परीक्षकानंही केली नसती. बूम त्यांनी ऐकताक्षणी नाकारला, तो तर रोज दुपारी खाणीत होतो आणि भिंतीला तडे पाडतो. मशरूमचं मी समजावून सांगितलं, पावसात वारुळावर सात्या येतात ना, तसं एका रात्रीत वाढणं. एक म्हातारी लगेच म्हणाली, "सात्या दोन दिवसांत सडते. मले नाई पाह्यजे माह्या नातवाले." शूट अप एका उंच किडकिडीत पोराला मिळाला, त्याची आई खूश झाली. बर्जन कोणाच्या जिभेला वळला नाही. प्रोलिफरेटचा अर्थ प्रज्ञानं असा सांगितला की भराभर संख्या वाढणं, आवरेनासं होणं. बायांनी तो एकमतानं गाजरगवताला देऊन टाकला.

प्रज्ञा आधी कपाळावर हात मारायची. मग तिला मजा वाटायला लागली. रोज येऊन विचारायची की आज कोणता शब्द गेला. मला वाटतं तिच्या परीक्षेतले ते शब्द तरी कधीच चुकले नसतील. कोणता शब्द कोणाला लावायचा नाही, याचा एवढा कडक अभ्यास तिच्या वर्गात दुसऱ्या कोणाचा झाला नसेल.

पण मनात एक काटा होताच. भाद्रपद सरताना मी वरोऱ्याला गेले तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. सांगताना मीच घाबरले होते. जन्मभर त्यांनी जे उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याला मी इंग्रजी कपडे घालून आत घेतलं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"पोरगी किती वाढली म्हणालीस?"

"साडेसातशे ग्रॅम. आठ आठवड्यांत."

"मग आधी तिला वाढू दे," ते म्हणाले. "वाद घालायला मी आहे अजून."

बाबा आता नाहीत. त्यांचं ते वाक्य मात्र मी अजून वापरते, कधी बायांवर, जास्त वेळा स्वतःवर. माणूस बरोबर असला म्हणजे त्यानं दर वेळी जिंकायलाच पाहिजे असं नसतं, हे मला त्या हंगामात कळलं. सभेत टाळ्या पडणारी गोष्ट ओसरीवर मूग निवडताना कामाची नसते. आणि खरं सांगायचं तर त्या दार लावलेल्या बुधवारांमध्ये मी जितकी सुखी होते, तितकी नंतर कुठल्या प्रशिक्षणात किंवा सत्कारात झाले नाही.

भाद्रपद गेला, आश्विन लागला. पऱ्हाटीची खालची बोंडं उमलायला लागली. कचरीच्या मनगटाला पहिली वळी पडली ती मी पाहिली, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती बसायला लागली, मग हाताला येईल ते ओढायला लागली. झोळीत ठेवली की आता पाय झाडायची, काटा स्थिर होईना. पट्टा लालचा पिवळा झाला त्या दिवशी माझ्याकडचे शब्द संपले होते, म्हणून मी थ्राइव्ह पुन्हा वापरला. गिरजाबाईंनी हरकत घेतली नाही. "ते पहिलंच बरं आहे," त्या म्हणाल्या.

या सगळ्यात मंदाबद्दल मी फार लिहिलं नाही, कारण ती कधी काही बोलायचीच नाही. लेकराला झोळीत ठेवायची, काढायची, छातीशी धरायची, मान खाली. एकदा मी त्यांच्या न्हाणीच्या मागून जात होते. आत ती कचरीला आंघोळ घालत होती. पाण्याचा आवाज येत होता आणि त्यात तिचा आवाज, अगदी हळू, "फ्लरिश वं माय, ब्लूम वं माय." पाणी ओतायचं आणि एक शब्द म्हणायचा. मी तिथंच उभी राहिले. दहा महिने झाले होते लेकरू होऊन, आणि या बाईनं आपल्या पोरीचं कौतुक एकदाही मोठ्यानं केलं नव्हतं. आधीच्याचं तर तिला करायलाच मिळालं नव्हतं. आता ती करत होती, तर ज्या शब्दांचा तिच्या आईनं, आजीनं कधी उच्चार केला नाही अशा परक्या शब्दांत. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हीत कोणतं जास्त हे मी आजही सांगू शकणार नाही.

आता कचरी शाळेत जाते. शाळेच्या हजेरीत ती स्वरा आहे आणि कचरी म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. दात पडलेत, गुडघे फुटलेले असतात, काल माझ्या दारातल्या पेरूवर चढली होती. तिच्या मागची बरीच लेकरं माझ्या हातून गेली. काट्याऐवजी आता सपाट यंत्र आलं आहे, त्यावर आकडा आपोआप लाल अक्षरांत उमटतो. इंग्रजी शब्दांची ती पद्धत हळूहळू मागं पडली. नव्या आया फोनवर लेकरांचे फोटो टाकतात आणि खाली सगळं उघड लिहितात. तरी काजळाचा ठिपका त्या फोटोतही असतोच.

पण पऱ्हाटी वाढली की मला आठवतो तो दिवाळीच्या आधीचा बुधवार. वेचणी सुरू झाली होती. सगळ्या बाया शेतात, गल्ली रिकामी. गिरजाबाई आणि मंदा दोघी कचरीला घेऊन आल्या. मी दार लावलं. झोळी हलायची थांबली तेव्हा काटा सातच्या पुढे होता. मी फोनमध्ये आकडा टाकला आणि पट्टा हिरवा झाला. मी फोन मंदासमोर धरला. ती बघत राहिली.

मी सवयीनं शब्द शोधायला लागले. तेवढ्यात मंदा बोलली. पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ बघून बोलली.

"बाई, आज आपल्या बोलीत सांगा."

कचरी झोळीत पाय झाडत होती, कडी कुरकुरत होती. मी गिरजाबाईंकडे पाहिलं. मंदानं पाहिलं नाही, तिनं मान खाली घातली आणि वाट बघत राहिली. तिनं सासूकडे आजवर काही मागितलेलं मला ठाऊक नव्हतं.

गिरजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता लेकराला उचलतील आणि जातील. त्या दारापाशी गेल्या, कडी काढली.

"मी बाह्यर बसतो," त्या म्हणाल्या. "मले नाई आयकाचं. तुमी सांगा तिले."

त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या आणि दोन्ही कानांत बोटं घातली. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती, ताठ.

मी मंदाच्या जवळ गेले. मी म्हणाले, "मंदे, पोरगी तुही मस्त वाढून राह्यली. अंगानं भरली. आता काही भेव नाही."

मंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "अजून एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिनं कचरीला झोळीतून काढलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "थोडं मोठ्यानं सांगा, बाई. बाह्यर आयकू गेलं पाह्यजे. मी त्याहिले कधीच बोल नाई लावला, हे बी सांगा."

मी सगळं सांगितलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. पायरीवर गिरजाबाईंनी कानातली बोटं कधीच काढली होती. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं होतं.